वाचकांचे प्रश्न : रानातले ब्रोमेलियाड आणि त्यांची नोंद

मागील अंकात अननसाच्या कुळाविषयी, म्हणजे ब्रोमेलियाड वनस्पतींविषयी, एक छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत लागवडीचे प्रश्न थोडेच आहेत. या वनस्पती रानात कशा पाहायच्या, त्यांचे नमुने कसे घ्यायचे आणि नोंद कशी ठेवायची, हेच बहुतेकांनी विचारले आहे, याचा मला फार आनंद झाला. सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या गच्चीवर रोपवाटिकेतून आणलेली टिलँडसिया आणि निओरेजेलिया आहेत. सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींत यांचे कोणी भाऊबंद आहेत का? घायपात याच कुळातली का? — एक वाचक, पुणे

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि एक अपवाद सोडला तर त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या आहेत; उत्तरेला व्हर्जिनियापासून दक्षिणेला अर्जेंटिना आणि चिलीपर्यंत त्यांचा पसारा आहे. अपवाद आहे पिटकेर्निया फेलिसियाना या जातीचा, जी पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात खडकांवर वाढते. सह्याद्रीतील झाडांवर आपल्याला दिसतात त्या आमऱ्या आणि नेचे. आपल्याकडे या कुळाचा खरा जुना प्रतिनिधी एकच, तो म्हणजे अननस. १४९३ मध्ये कोलंबसाच्या लोकांनी तो ग्वाडेलूप बेटावर पाहिला, पुढे पोर्तुगिजांनी तो भारतात आणला, आणि त्याचे ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांनी उचललेले नावही आपण जवळजवळ जसेच्या तसे ठेवून घेतले.

घायपात मेक्सिकोकडून आलेली आहे. तिच्या पानांचा गुच्छ अननसासारखा दिसत असला तरी ती शतावरीच्या कुळात मोडते. ओळख पटवायची असेल तर आपल्या टिलँडसियाच्या पानावर भिंग धरून पाहावे. पिठासारखा जो पांढुरका थर दिसतो, तो सूक्ष्म खवल्यांचा असतो. पाण्याचा थेंब पडला की हे खवले ते पाणी शोषून पानात पोहोचवतात आणि म्हणूनच कित्येक जातींना मुळांचा उपयोग केवळ फांदीला धरून राहण्यापुरता उरतो. पेरूच्या किनारी वाळवंटात तर काही टिलँडसिया मुळांवाचून नुसत्या वाळूवर पसरलेल्या असतात आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात अननसाचे पान दाबून वाळवण्याचा प्रयोग केला. महिन्याने उघडले तर पान आतून ओलेच होते आणि कागदाला बुरशी आली होती. रानातल्या ब्रोमेलियाडचे नमुने संशोधक कसे तयार करतात? — वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

तुमच्या प्रयोगात जे घडले तेच अनेक अनुभवी संकलकांच्या बाबतीत घडलेले आहे, आणि यामुळेच जगभरच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयांत, या कुळाचे चांगले नमुने तुलनेने कमी आहेत. पान जाड असते, ते पाणी धरून ठेवते, आणि पुष्कळ जातींत रात्री कर्बवायू घेऊन दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवण्याची सोय असल्यामुळे पाण्याचा व्यय फार थोडा होतो. त्यामुळे कागदात दाबलेले पानही बरेच दिवस जिवंत राहते. म्हणून आधी पान मारावे लागते आणि मग वाळवावे लागते. काही क्षण उकळत्या पाण्यात बुडवणे हा एक मार्ग आहे. रानात मुक्काम लांबला आणि वाळवण्याची सोय नसली, तर वर्तमानपत्रांत ठेवलेल्या नमुन्यांचा गठ्ठा अल्कोहोलने भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करतात आणि मुक्कामाला परतल्यावर पन्हळी पुठ्ठे मध्ये घालून उष्णतेवर वाळवतात.

दुसरी अडचण आकाराची आहे. हर्बेरियमचा कागद सुमारे ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असतो, आणि रिओ दि जानेरोजवळच्या डोंगरांतल्या अल्कान्टारिया इम्पेरिआलिस या जातीचे एकेक पान मीटरभर लांब भरते. अशा वेळी एक पूर्ण पान घेऊन त्याचा तळ, मधला भाग आणि टोक असे तीन तुकडे एकाच क्रमांकाखाली ठेवतात. पानाचा तळ, जो चमच्यासारखा रुंद होऊन खोडाला बिलगलेला असतो, तो कधीही टाकून देऊ नये, कारण त्याचा आकार आणि रंग ओळखीसाठी फार महत्त्वाचा असतो. आणि नवखा माणूस नेमका तोच भाग रानात ठेवून येतो, कारण तो उपसायला कठीण असतो आणि त्यात पाणी, चिखल व मुंग्या असतात. फुलोरा जाड असेल तर तो उभा चिरून अर्धा दाबावा. काट्यांसाठी चामड्याचे हातमोजे घ्यावेत.

आता फुलांविषयी. दोन-तीन फुले सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या त्याच क्रमांकासह ठेवलीच पाहिजेत. वाळलेल्या फुलाची पाकळी कागदाला चिकटून पारदर्शक पापुद्रा होते आणि तिच्या तळाशी असलेले नाजूक खवले मग दिसेनासे होतात. हे खवले आहेत की नाहीत, यावर एकेकाळी फ्रिसिया आणि टिलँडसिया या दोन मोठ्या प्रजाती वेगळ्या केल्या जात. पुढे जनुकीय अभ्यासातून ही खूण एकटी पुरेशी नाही असे दिसले आणि २०१६ मध्ये, या दोन्ही प्रजाती ज्यात येतात, त्या उपकुलाची नव्याने मांडणी झाली. तेव्हा ज्यांच्या नमुन्यासोबत फुलांची बाटली होती, त्यांचे जुने काम पुन्हा तपासता आले. ज्यांच्यासोबत नव्हती, त्यांच्या नमुन्यांसाठी पुन्हा रानात जाण्याची वेळ आली.

मात्र या सगळ्याच्या आधी वही येते, आणि हे मी आग्रहाने सांगतो. वाळताना छदांचा, म्हणजे फुलोऱ्यातील रंगीत पानांचा, लाल रंग तपकिरी होतो, पाकळीचा जांभळा विटतो, सुगंध तर लगेच जातो. म्हणून झाडाला हात लावण्याआधी लिहावे : तारीख, गाव आणि जवळची खूण, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाड फांदीवर होते की खडकावर की जमिनीवर, फांदीवर असेल तर कोणत्या झाडाच्या आणि जमिनीपासून किती उंचीवर, ऊन किती होते, पानांच्या गुच्छाचा व्यास, फुलोऱ्याची उंची, तो सरळ होता की लोंबता, प्रत्येक भागाचा रंग, आणि फूल कोणत्या वेळी उघडे होते. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. काही ब्रोमेलियाडांची फुले रात्री उघडतात आणि वटवाघळे त्यांच्याकडे येतात. दिवसा गेलेल्या माणसाला ती कोमेजलेलीच दिसतात आणि तो फुलाचा हंगाम संपला असे लिहून मोकळा होतो. पेरू व बोलिव्हियाच्या उंच पठारांवरची पुया रायमोन्डी ही जात फुलायला कित्येक दशके घेते, एकदाच फुलते आणि मरते. तिचा फुलोरा आठ-दहा मीटरपर्यंत जातो. तेथे दोन-चार पाने आणि फुलोऱ्याची एखादी शाखा घेतली तरी पुरे. बाकी सर्व मोजमाप व छायाचित्रांतूनच येते.

नोंद आणि छायाचित्र यांचे मोल किती असते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल मेझ यांनी १८९६ मध्ये आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये या सबंध कुळाचे वर्णनग्रंथ लिहिले. ज्या नमुन्यांवर जातींची नावे बेतलेली असतात, त्यांना प्ररूप नमुने म्हणतात. मेझ यांनी अभ्यासलेले असे पुष्कळ नमुने बर्लिनच्या हर्बेरियममध्ये होते. १९४३ च्या मार्च महिन्यातील बाँबहल्ल्यात त्या इमारतीला आग लागली आणि त्यांतील फार मोठा भाग जळाला. सुदैवाने शिकागोच्या फील्ड म्युझियमचे जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी १९२९ पासून युरोपातील हर्बेरियममध्ये फिरून अमेरिका खंडांतील वनस्पतींच्या हजारो प्ररूप नमुन्यांची छायाचित्रे घेतली होती. आज बर्लिनमधील कित्येक जातींचा मूळ पुरावा म्हणून ती कृष्णधवल छायाचित्रेच उरली आहेत. याच कारणाने आपला नमुना एकाच ठिकाणी न ठेवता त्याच झाडाचे जादा कागद निदान दोन-तीन संस्थांना द्यावेत, असा संकेत आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी साओ पावलोत आहे. सुट्टीच्या दिवशी सेर्रा दो मारच्या डोंगरांत भटकतो. वादळानंतर मोडून पडलेल्या फांद्यांवर कितीतरी ब्रोमेलियाड असतात आणि ती जमिनीवर कुजून जातात. त्यांतील दोन-चार उचलून भारतात आणली तर काय हरकत आहे? — एक वाचक, साओ पावलो

तुमची भावना मला समजते. अटलांटिक जंगलात एकाच फांदीवर दाटलेले ते गुच्छ पायाशी पडलेले पाहिले की मन कळवळते. तरीही उचलू नयेत. पडलेल्या झाडालाही तोच कायदा लागू असतो. ब्राझीलच्या केंद्रीय संरक्षित क्षेत्रांत संशोधनासाठी नमुने घेणाऱ्यालाही चिको मेंडेस संस्थेचा, म्हणजे ही क्षेत्रे सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना लागतो आणि परदेशी संशोधकाला तेथील एखाद्या संस्थेच्या सोबतीनेच काम करता येते. भारतात रोप किंवा बी आणायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आधी आयात परवाना आणि निघताना त्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. टिलँडसिया झेरोग्राफिका आणि ग्वातेमालातील टिलँडसिया हॅरिसी यांसारख्या जाती तर रानातून इतक्या उपसल्या गेल्या की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातील वन्य जातींच्या व्यापारविषयक जागतिक कराराचे नियंत्रण आले.

हे नियम कागदी वाटतील, म्हणून फ्लोरिडाचे उदाहरण सांगतो. मेटामासिअस कॅलिझोना नावाचा मेक्सिको व ग्वातेमालातील एक सोंड्या भुंगेरा, आयात केलेल्या ब्रोमेलियाडांमधून, १९८९ मध्ये फ्लोरिडात पोहोचल्याचे आढळले. त्याची अळी झाडाचा गाभा पोखरते. टिलँडसिया युट्रिक्युलाटा ही तेथील मोठी, देखणी जात एकेकाळी झाडांवर सर्रास दिसे. ती वर्षानुवर्षे वाढून एकदाच फुलते, त्यामुळे फुलण्याआधीच भुंगेऱ्याने मारलेले झाड बी न देताच जाते, आणि आज ती फ्लोरिडात संकटग्रस्त आहे. आणणाऱ्यांनी हौसेने फक्त रोपे आणली होती. गाभ्यातली अळी बाहेरून दिसत नाही.

तुम्ही एक अतिशय मोलाचे काम मात्र करू शकता. दर भेटीत छायाचित्रे काढा, पण फुलाच्या एकाच सुंदर चित्रावर थांबू नका. सबंध झाड त्याच्या फांदीसह व परिसरासह घ्या, मग पानाची कड, खालची बाजू, पानांचा गुच्छ वरून, फुलोरा बाजूने, आणि एक फूल मोजपट्टीसह जवळून. त्याच झाडाकडे महिन्याने परत जा आणि फळ धरले का ते पाहा : केसाळ पिसांसारखे बी, पंख असलेले बी आणि मांसल फळ यांवरून मोठे गट ओळखता येतात. ही चित्रे आय-नॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर तेथील तज्ज्ञ नाव सुचवतात. दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण सर्वांना दिसेल असे ठेवू नका, कारण चोरून झाडे काढणारेही तेच नकाशे पाहतात.

प्रश्न : या झाडांच्या पानांत पाणी साठते. मग डासांचे काय? शाळेच्या बागेत ती लावावीत की नाहीत? — एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

आपला प्रश्न जुना आणि गंभीर आहे. त्रिनिदाद बेटावर कोकोच्या मळ्यांना सावली देण्यासाठी इमोर्टेल नावाची झाडे लावत. ती आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतली आहेत. या उंच झाडांवर हजारोंनी ब्रोमेलियाड वाढत आणि त्यांच्या पानांतल्या पाण्यात ॲनोफेलिस बेलेटर हा मलेरिया पसरवणारा डास वाढे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ हे तरुण जीवशास्त्रज्ञ या प्रश्नावर काम करण्यासाठी तेथे गेले, आणि कोणत्या उंचीवर कोणते ब्रोमेलियाड, त्यात कोणता डास व तो कोणत्या वेळी चावतो, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. डासांच्या त्या ठरावीक वेळांनी त्यांना असे गुंतवले की पुढे सजीवांच्या अंतर्गत घड्याळाचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. मळ्यांत मग ताम्र सल्फेट फवारून ब्रोमेलियाड मारले गेले. दक्षिण ब्राझीलच्या सान्ता कातारिना राज्यातही असाच मलेरिया होता, आणि तेथील ब्रोमेलियाडांची पद्धतशीर नोंद राउलिनो राइत्झ या धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञाने केली. त्या भागातील या कुळाचे आपले बरेचसे ज्ञान मलेरियामुळे जमा झाले, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

पण त्या पाण्यात डासांखेरीज एक अख्खे जग असते. सान्ता कातारिनातच राहणारे फ्रिट्झ म्युलर, जे डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार करीत, त्यांनी १८८० च्या सुमारास त्या पाण्यातील एका चिमुकल्या कवचधारी जीवाचे वर्णन केले. कोस्टा रिकाचे क्लोडोमिरो पिकाडो यांनी १९१३ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेला प्रबंध याच पाण्यातील जीवसृष्टीवर होता. जमैकात तर एक खेकडा आपली पिल्ले ब्रोमेलियाडच्या पाण्यातच वाढवतो. मादी त्या पाण्यातली कुजणारी पाने काढून टाकते आणि रिकामे शंख आणून टाकते, ज्यामुळे पाण्याची आम्लता कमी होते आणि पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो. म्हणून आजचा अभ्यासक झाड उपटण्याआधी पानांतले पाणी नळीने ओढून वेगळ्या बाटलीत घेतो आणि त्यावर झाडाचाच क्रमांक लिहितो.

शाळेपुरते सांगायचे तर, रिओतील एका वनस्पती उद्यानात केलेल्या मोजणीत ब्रोमेलियाडच्या पाण्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या अत्यल्प आढळल्या. तरीही मुलांची शाळा आहे आणि आपल्याकडे या पाण्यातील भक्षक जीव नसतात, म्हणून पाणी न साठवणाऱ्या टिलँडसिया टांगाव्यात. पाणी धरणारी लावलीच तर आठवड्यातून दोनदा पाइपच्या जोरदार धारेने पाने धुऊन ते पाणी बदलावे.

प्रश्न : वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाने या विषयात काही भर घातल्याचे उदाहरण आहे का? — सेवानिवृत्त वाचक, नागपूर

या कुळाचा इतिहास अशा माणसांनी भरलेला आहे. फ्लोरिडात उद्यानकाम करणारे मल्फर्ड फॉस्टर आणि त्यांच्या पत्नी रॅसीन यांनी १९३९ व १९४० मध्ये ब्राझील पालथा घातला, अनेक नव्या जाती शोधल्या, आणि १९५० मध्ये स्थापन झालेल्या ब्रोमेलियाड सोसायटीचे मल्फर्ड पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे नमुने अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ लायमन स्मिथ यांच्याकडे जात. स्मिथ यांनी रॉबर्ट डाउन्स यांच्यासह १९७४ ते १९७९ या काळात तीन खंडांत, दोन हजारांहून अधिक पानांत, सबंध कुळाचे जे वर्णन केले, त्यामागे अशा कित्येक संकलकांचे पाय झिजलेले आहेत.

मला विशेष आदर वाटतो तो चित्रकार मार्गारेट मी (Margaret Mee) यांच्याविषयी. त्या इंग्लंडहून १९५२ मध्ये ब्राझीलला आल्या, साओ पावलोत चित्रकला शिकवू लागल्या, आणि चाळिशी उलटल्यावर ॲमेझॉनच्या नद्यांतून होडीने फिरू लागल्या. अशा पंधरा मोहिमा त्यांनी केल्या. शेवटची १९८८ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. जिवंत झाड समोर ठेवून, रंग उडण्याआधी, मोजमापासह त्यांनी काढलेली ब्रोमेलियाडची चित्रे शास्त्रज्ञांना नमुन्याइतकीच उपयोगी पडली, आणि निओरेजेलिया मार्गारेटे ही जात त्यांच्या नावाने ओळखली जाते. आजच्या काळातले नाव सांगायचे तर एल्टन लेमे यांचे : व्यवसायाने रिओतील न्यायाधीश, आणि ब्राझीलमधील कित्येक नव्या जातींचे वर्णनकर्ते. तेव्हा आपल्या पत्रात आपण निवृत्तीनंतर चित्रकला शिकत असल्याचे लिहिले आहे, त्याला अनुसरून सुचवतो की आपल्या परिसरातील एकाच झाडापासून, तेही फूल उमलल्यापासून फळ सुकेपर्यंत, सुरुवात करावी.

प्रश्न : माझ्या संग्रहातील एका ब्रोमेलियाडला प्रथमच फूल आले आहे आणि ते कोणत्याच पुस्तकाशी जुळत नाही. रोप पंधरा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतले, चिठ्ठी हरवली. ही नवी जात असू शकते का? — एक संग्राहक, मडगाव

शक्यता आहे, पण फार थोडी. बाजारातील निओरेजेलिया, गुझमानिया, फ्रिसिया यांतील बहुसंख्य रोपे संकरित असतात आणि संकराचे फूल पुस्तकातल्या कोणत्याच जातीशी नीट जुळत नाही. तरीही हरितगृहात फुललेल्या रोपावरून नवी जात वर्णन झाल्याची उदाहरणे या कुळात बरीच आहेत. त्यासाठी वाळवलेला प्ररूप नमुना एखाद्या मान्य हर्बेरियममध्ये जमा करावा लागतो. जिवंत झाड प्ररूप म्हणून चालत नाही. वर्णन लॅटिनमध्ये किंवा, २०१२ पासून, इंग्रजीत प्रसिद्ध व्हावे लागते. तरीही तुमच्या रोपाची खरी उणीव मूळ ठिकाणाची आहे. ते कोणत्या देशातल्या, कोणत्या डोंगराच्या, किती उंचीवरच्या रानातून आले हे कळत नाही तोवर त्याची रानातली संख्या, त्याचे परागवाहक, त्याला असलेला धोका, यांतले काहीही तपासता येत नाही, आणि जाणकार संपादक असे वर्णन छापायला साहजिकच कचरतो.

फुलोरा अजून ताजा असेल तर आजच छायाचित्रे घ्या, प्रत्येक भागाचा रंग लिहून काढा आणि दोन फुले अल्कोहोलमध्ये ठेवा. फुलोऱ्याचा काही भाग आणि एक पूर्ण पान तळासह वर सांगितल्याप्रमाणे वाळवा. मूळ झाड ठेवा, कारण त्याला बाजूने पिल्ले फुटतील. विक्रेत्याच्या जुन्या पावत्या, त्या वर्षीची यादी, त्याच वेळी रोपे घेतलेले मित्र, यांपैकी जे सापडेल ते शोधा. काहीच हाती लागले नाही तर चिठ्ठीवर अंदाजाने एखाद्या देशाचे नाव घालू नका. “लागवडीतील रोपापासून, मडगाव, मूळ ठिकाण अज्ञात” एवढे लिहा आणि तुमच्या लागवडीची पंधरा वर्षे खाली नोंदवा.